०.९८ वर सगळेच चार्ट देखणे दिसतात

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी दोन रेषा दाखवल्या. निळी वर, केशरी खाली. दोन्ही आमच्या मराठी स्पीच मॉडेलच्या, म्हणजे बोललेलं ऐकून लिहिणाऱ्या मॉडेलच्या, ट्रेनिंग लॉसच्या: शिकताना ते किती चुकतंय त्याचा आकडा, जितका कमी तितका बरा. मॉडेल म्हणजे ओपनएआयचं व्हिस्पर स्मॉल, २४ कोटी ४० लाख पॅरामीटरचं, मराठी रेकॉर्डिंगवर फाइन-ट्यून केलेलं, म्हणजे पुढे शिकवलेलं. निळा रन, म्हणजे शिकवण्याचा एक पूर्ण प्रयोग, जुन्या लर्निंग रेटचा (मॉडेल एका वेळी किती बदलतं त्याचं माप), केशरी नव्याचा. वीस-वीस हजार स्टेप, म्हणजे मॉडेलमधल्या छोट्या दुरुस्त्या. स्मूदिंगचा, म्हणजे रेष गुळगुळीत करण्याचा, स्लायडर ०.९८ वर. रेशमाचे दोन धागे ताणून बसवावेत तशा रेषा आणि मध्ये स्वच्छ अंतर. "केशरी घेऊ या," मी म्हटलं.

टीममधले एक सीनियर आहेत, कमी बोलणारे. ते म्हणाले, "स्लायडर शून्यावर आण बघू." आणला. धाग्यांच्या जागी गवत उगवलं. केशरी गवत उंच आणि दाट, निळं त्याच्या पोटात. अंतर कुठेच नाही. "आता दोन्हीकडचे पॉइंट मोज." केशरीत ८००, निळ्यात २००.

निळा रन दिवाळीच्या आधीचा होता, तेव्हा आम्ही दर १०० स्टेपला लॉग करायचो, म्हणजे आकडा नोंदवायचो. केशरीच्या वेळी मीच ते २५ वर आणलं होतं, आणि विसरले होते. मी जे अंतर टीमला विकत होते ते लर्निंग रेटचं नव्हतंच. ते लॉगिंगचं होतं. कसं, ते खाली सांगते, कारण हीच चूक नंतर मी इतरांच्या चार्टमध्ये इतक्यांदा पाहिली की आता लिहूनच काढावं म्हटलं.

स्लायडर नेमकं काय करतो

टेन्सरबोर्ड या चार्ट दाखवणाऱ्या साधनातला स्लायडर एक्स्पोनेन्शियल मूव्हिंग ॲव्हरेज (ईएमए) काढतो. सुरुवातीला तो ०.६ वर असतो, म्हणजे तुम्ही काहीच हलवलं नाही तरी समोर दिसतो तो चार्ट मूळ नसतो. प्रत्येक नव्या पॉइंटला जुन्या सरासरीचा ०.६ भाग आणि नव्या आकड्याचा ०.४ भाग, इतकंच गणित.

एकदा हातानं करून बघा, कागदावर. लॉस आले २.४, २.९, २.१, २.६, २.०. सरासरी शून्यापासून सुरू. पहिला पॉइंट: २.४ चा ०.४ भाग म्हणजे ०.९६. हा तर भलताच खाली आला, कारण सुरुवातीचं शून्य त्याला ओढतंय. म्हणून त्याला १ − ०.६, म्हणजे ०.४ ने भागायचं: परत २.४. दुसरा: ०.९६ चा ०.६ भाग अधिक २.९ चा ०.४ भाग, १.७३६. आता भागायचं १ − ०.३६ (०.६ × ०.६), म्हणजे ०.६४ ने: २.७१. तिसऱ्याला भाजक ०.७८४ आणि उत्तर २.४०, चौथ्याला २.४९, पाचव्याला २.२८. भाजक हळूहळू १ कडे सरकतो आणि शून्याचं ओझं उतरतं. पायथनच्या पांडाज लायब्ररीत ईडब्ल्यूएम वापरलंत आणि 'ॲडजस्ट' बंद केलं नाहीत, तर तेही हेच करतं. स्वतः लूप लिहिणारे लोक ही भागाकाराची पायरी गाळतात, आणि मग रनच्या सुरुवातीला लॉस शून्याजवळून वर चढताना दिसतो. असा चार्ट कुणी दाखवला तर मॉडेलला दोष देऊ नका.

०.६ म्हणजे किती गुळगुळीत? गोंगाट जर पॉइंटगणिक स्वतंत्र असेल तर ०.६ वर तो निम्मा होतो. ०.९ वर साधारण चौथा हिस्सा उरतो, ०.९८ वर दहावा. आणि खिडकी किती पॉइंटांची, हे १ ला (१ − स्लायडर) ने भागून अंदाजे कळतं: ०.६ ला अडीच, ०.९ ला दहा, ०.९८ ला पन्नास, ०.९९ ला शंभर. स्लायडर शेवटच्या बोटभर जागेत किती मारामारी करतो ते यावरून लक्षात यावं. ०.५ वरून ०.६ वर जाणं म्हणजे काहीच नाही. ०.९८ वरून ०.९९ वर जाणं म्हणजे खिडकी दुप्पट.

रेष मागे असते

हे मला शेवटी बाबांनी सांगितलं. बाबा बँकेतून निवृत्त झाले, सांगलीला असतात, आणि बाजार उघडा असला की त्यांच्यासमोर शेअरचा चार्ट असतो. पूर्वी ते आलेखाच्या कागदावर २०० दिवसांची सरासरी पेन्सिलीनं काढायचे, रोज एक ठिपका. त्या सोमवारी रात्री फोनवर मी रडगाणं गायलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, रेष मागे असते. भाव पडत असला की सरासरी भावाच्या वर दिसते. हे तर पहिल्या महिन्यात कळतं."

त्यांच्या भाषेत सांगायचं तर ०.९९ म्हणजे जवळजवळ २०० दिवसांचा ईएमए, ०.९८ म्हणजे १०० चा, ०.९ म्हणजे १९ चा. आणि मागे किती? एकसारख्या उतारावर स्लायडर भागिले (१ − स्लायडर) इतके पॉइंट. ०.९८ ला ४९.

आता माझे दोन रन घ्या. ४९ पॉइंट. केशरीत दोन पॉइंटांत २५ स्टेप, म्हणजे रेष साधारण १,२०० स्टेप मागे. निळ्यात १०० स्टेप, म्हणजे रेष ४,९०० स्टेप मागे. वीस हजारांच्या रनमध्ये जवळजवळ पाव रन! लॉस उतरत असताना निळी रेष पावणेपाच-पाच हजार स्टेपपूर्वीचा, म्हणजे जास्तीचा, लॉस 'आत्ताचा' म्हणून दाखवत होती. म्हणून ती वर. जितकी जास्त मागे, तितकी जास्त वाईट दिसते.

गवत का वेगळं दिसत होतं तेही यातच आहे. आम्ही मॉडेल शिकवायला वापरतो तो हगिंग फेसचा ट्रेनर लॉग करताना त्या क्षणीच्या एका बॅचचा, म्हणजे एका स्टेपला दिलेल्या वाक्यांच्या गठ्ठ्याचा, लॉस देत नाही. मागच्या लॉगपासून आतापर्यंतच्या स्टेपची सरासरी देतो. म्हणजे निळ्याचा प्रत्येक पॉइंट आधीच १०० स्टेपची सरासरी, केशरीचा २५ ची. चारपट स्टेप, म्हणून गोंगाट निम्मा. मी एका आधीच विसळलेल्या कपड्याला पुन्हा धुऊन त्याची तुलना मळक्याशी करत होते.

तर करायचं काय

पहिलं काम, स्लायडर शून्यावर. प्रत्येक वेळी. मूळ गवत दोन मिनिटं नुसतं बघायचं. लॉस कुठे उसळतो, नवा एपॉक (सगळ्या डेटाची पुढची फेरी) सुरू होताना पायरी पडते का, लर्निंग रेट उतरला तिथे काही झालं का. हे बघायच्या आधी स्मूदिंग लावणं म्हणजे पेशंटला न बघता पेनकिलर लिहून देणं.

दुसरं, दोन्ही रन एकाच मापाच्या पट्टीवर आणणं. मी आकडे सीएसव्हीत उतरवून घेते आणि ५०० स्टेपचे कप्पे करते: ० ते ५००, ५०० ते १,०००, असे चाळीस. प्रत्येक कप्प्यात जे पॉइंट पडतील त्यांची साधी सरासरी. निळ्याचे पाच, केशरीचे वीस, पण दोन्ही ५०० स्टेपचंच प्रतिनिधित्व करतात. रेष मागेही पडत नाही, कारण कप्प्याचा ठिपका मी कप्प्याच्या मध्यावर काढते. दिसायला रेशीम नसतं, पायऱ्यापायऱ्यांचं असतं, पण खोटं नसतं. निम्मी भांडणं इथेच मिटतात. वेट्स अँड बायसेस या तशाच दुसऱ्या साधनात वेळेनुसार वजन बदलणारा ईएमए आहे. तो पॉइंट किती दाट आहेत ते विचारात घेतो, त्यामुळे असा फसवा खेळ बराच कमी होतो. टेन्सरबोर्डचा स्लायडर पॉइंट मोजतो, स्टेप नाही. शिवाय रन लांब असला तर टेन्सरबोर्ड सगळे पॉइंट ठेवतच नाही, त्यातले काही नमुन्यादाखल उचलतो. मग तुमची 'पन्नास पॉइंटांची खिडकी' प्रत्यक्षात किती स्टेपची आहे हे सांगणं आणखी अवघड. म्हणून निर्णयाचा चार्ट मी तिथे काढत नाही. तो रन चालू असताना चहा घेताघेता बघायला आहे.

बॅचचा आकार वेगळा असेल तर आडव्या अक्षावर स्टेप ठेवूच नका. १६ च्या बॅचची हजार स्टेप आणि ३२ च्या बॅचची हजार स्टेप यांत मॉडेलनं ऐकलेली वाक्यं दुप्पट-निम्मी असतात. अक्षावर वाक्यांची संख्या घ्या.

मध्यावर बसवलेली सरासरी, म्हणजे पुढचे-मागचे दोन्ही पॉइंट घेणारी, रन संपल्यावरच्या रिपोर्टला चांगली. उतारावर ती मागे पडत नाही. पण ती पुढचे आकडे उसने घेते. लर्निंग रेट स्टेप १०,००० ला कमी केला आणि लॉस तिथे खाली आला, तर ही रेष ९,७०० लाच उतरायला लागलेली दिसते. एकदा एकानं मला त्यावरून "बघा, बदल करायच्या आधीच सुधारणा चालू होती" असं पटवायचा प्रयत्न केला होता. आणि शेवटच्या टोकाला पुढचे पॉइंटच नसतात, त्यामुळे जिथे आपली नजर सर्वात जास्त असते तिथेच ती सर्वात कच्ची.

आधी वजाबाकी, मग स्मूदिंग

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

लॉसमधला बराचसा गोंगाट मॉडेलचा नसतो, बॅचचा असतो. आमच्याकडे मोझिला कॉमन व्हॉइसमधली मराठी वाक्यं आहेत, स्वयंसेवकांनी वाचून रेकॉर्ड केलेली, आणि आमची स्वतःची रेकॉर्डिंग आहेत. त्यातली काही एसटी स्टँडवरची. मागे घोषणा चालू, कुणीतरी "सातारा, सातारा, सातारा" ओरडतंय. ज्या बॅचमध्ये अशी चार वाक्यं येतात तिथे लॉस उसळतो. निळ्याचाही, केशरीचाही. म्हणजे दोघांना एकाच क्रमानं बॅच दिल्या तर दोन्ही रेषा एकाच वेळी उसळतील, आणि एकीतून दुसरी वजा केली की ती उसळी निघून जाईल.

म्हणून दोन्ही रन एकाच सीडनं (यादृच्छिक निवडी जिथून सुरू होतात तो आकडा), एकाच डेटाक्रमानं, एकाच लॉगिंगनं पुन्हा चालवायचे. मग प्रत्येक स्टेपला केशरी वजा निळा. या फरकाची रेष काढा, शून्याच्या आडव्या रेघेसह. आमच्या रनमध्ये मूळ रेषा अर्धा-पाऊण एककानं वरखाली होत होत्या. फरकाची रेष त्याच्या कितीतरी आत राहिली, आणि तिला ०.९ चं हलकं स्मूदिंग पुरलं. जे ०.९८ नं घासूनही दिसत नव्हतं ते वजाबाकीनं दिसलं: पहिल्या चार हजार स्टेप केशरी थोडी पुढे, नंतर फरक शून्याला चिकटून.

एक सावधगिरी. सीड सारखा म्हणजे क्रम सारखा असं समजू नका. बॅचचा आकार बदलला, डेटा वाचणाऱ्या प्रोसेसची संख्या बदलली, ऑगमेंटेशनमध्ये (रेकॉर्डिंगमध्ये मुद्दाम केलेल्या बदलांत) एक जास्तीचा रँडम आकडा ओढला गेला, की क्रम घसरू शकतो. मी पहिल्या वीस बॅचच्या फाइलींचे क्रमांक दोन्ही रनमध्ये लॉग करते आणि शेजारी ठेवून बघते. पाच मिनिटांचं काम आहे. एकदा ते न करता मी दीड दिवस जीपीयूचं भाडं भरलं, तेव्हापासून करते.

सीडचा फरक कुठल्याच स्लायडरनं जात नाही

स्मूदिंग एका रनच्या आतला गोंगाट कमी करतं. तोच रन वेगळ्या सीडनं चालवला तर रेषच वेगळ्या जागी बसते, त्यावर स्मूदिंगचा काही इलाज नाही. रीइन्फोर्समेंट लर्निंगवाल्यांना, म्हणजे बक्षीस-शिक्षेवर मॉडेल शिकवणाऱ्यांना, हे फार महागात पडलेलं आहे. २०१८ साली एएएआय या एआय-संशोधनाच्या परिषदेत आलेल्या एका गाजलेल्या पेपरमध्ये एकच अल्गोरिदम, तीच सेटिंग, फक्त सीड वेगळे, पाच-पाच रनचे दोन गट केले, तर दोन गटांच्या सरासरी रेषा दोन वेगळे अल्गोरिदम असल्यासारख्या लांब गेल्या.

आमच्याकडे पाच सीडचं बजेट नसतं. तीन असतात. तिन्ही रेषा कप्प्यांच्या पट्टीवर आणायच्या, मध्ये सरासरी, भोवती सर्वात वरच्या आणि सर्वात खालच्या रनचा फिकट पट्टा. सरासरी आधी की स्मूदिंग आधी, याची काळजी नको. ईएमए आणि सरासरी दोन्ही बेरजेचंच गणित, पट्टी एक असली की उत्तर एकच. पण पट्ट्याच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा. स्मूद केलेल्या रेषांचा पट्टा सीडसीडमधला फरक दाखवतो. मूळ गवताचा पट्टा त्यात बॅचचा गोंगाटही ओततो आणि उगाच जाड होतो. कोणता काढलाय ते लिहा.

जिथे स्मूदिंग लावूच नये

टेन्सरबोर्डचा स्लायडर पानावरच्या सगळ्या चार्टना एकदम लागतो, हे विसरायला होतं. लर्निंग रेटच्या चार्टवर वॉर्मअपचं (सुरुवातीच्या चढाचं) टोक गोल दिसायला लागतं आणि नवीन पोरं विचारतात, "ताई, शेड्यूल चुकलंय का?" ग्रेडियंट नॉर्मला (दर स्टेपला मॉडेलला बसणाऱ्या धक्क्याच्या मापाला) तर अजिबात नाही. तिथे एखादी उसळी हीच बातमी असते.

लॉसमध्येच एखादी राक्षसी उसळी असेल तर ईएमए ती पचवत नाही, पसरवतो. एकच पॉइंट नेहमीपेक्षा १०० नं वर गेला तर ०.९८ वर रेष २ नं वर जाते, आणि ते निम्मं व्हायलाच ३४ पॉइंट लागतात. आमचा लॉस एकाच्या खाली असतो. २ म्हणजे तिथे हिमालय. अशा वेळी सरासरीऐवजी पाच-सात पॉइंटांचा मध्यक घ्या. तो एकट्यादुकट्या उसळीला भीक घालत नाही. 'आउटलायर सोडून द्या' असं बटण दिसेल, पण ते उभ्या अक्षाचं माप बदलतं, रेषेत शिरलेली उसळी काढत नाही.

व्हॅलिडेशनचे, म्हणजे न शिकवलेल्या वाक्यांवरच्या परीक्षेचे, ठिपके जोडायचेही फार कष्ट घेऊ नका. आम्ही दर हजार स्टेपला डब्ल्यूईआर मोजतो, म्हणजे शंभर शब्दांमागे किती चुका. वीस ठिपके. वीस ठिपक्यांवर काय स्मूदिंग करणार? ठिपके म्हणूनच काढते. स्मूद रेषेचा सर्वात खालचा बिंदू दाखवून "आमचा डब्ल्यूईआर इतका" म्हणू नका, कारण त्या आकड्याचं चेकपॉइंट (जतन केलेलं मॉडेल) डिस्कवर कुठेच नसतं. आणि वीस ठिपक्यांतला सर्वात चांगला उचलला तर त्यात थोडं नशीबही उचललं जातं, म्हणून शेवटचा आकडा कधीही न वापरलेल्या टेस्ट सेटवरच काढायचा.

तो आकडा तरी किती घट्ट? पाच हजार शब्दांचा सेट, डब्ल्यूईआर २० टक्के. चुका एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या तरी त्याची मानक त्रुटी ०.५७ टक्के येते, म्हणजे दोन्ही बाजूंना एक टक्का सहज. प्रत्यक्षात चुका घोळक्यानं येतात, एक वाक्य बिघडलं की अख्खं बिघडतं, त्यामुळे आणखी जास्त. २०.३ आणि १९.९ मध्ये पेढे वाटू नका. दोन्ही मॉडेलना तीच वाक्यं दिली असतील तर इथेही वाक्यागणिक वजाबाकी करा, मग वाक्यं पुन्हापुन्हा यादृच्छिक उचलून फरक किती हलतो ते बघा.

आणि चार्ट घासायच्या आधी आकडा मराठीचा आहे ना, तेही. व्हिस्परसोबत येणारा साधा नॉर्मलायझर (तुलनेआधी मजकूर एकसारखा करणारा कोड) काना, मात्रा, वेलांट्या ही नुसती चिन्हं समजतो आणि त्यांच्या जागी मोकळी जागा ठेवतो. 'माझी शाळा' चं होतं 'म झ श ळ'. मॉडेलनं 'माझा शाळा' लिहिलं असतं तरी तेच. दोन्हींत चूक शून्य! माझा एक चार्ट आठवडाभर असा सुंदर उतरत होता.

चार्टखाली मी आता काय लिहिते

स्लायडरचा आकडा मी आधी ठरवत नाही. ०.८, ०.९, ०.९५ अशा तिन्हींवर बघते. कोण पुढे याचं उत्तर तिन्हींवर एकच आलं तर ठीक. बदललं तर "फरक दिसत नाही" असं लिहिते आणि मीटिंगमध्ये तसंच बोलते. पहिल्यांदा बोलायला जड गेलं होतं.

मूळ रेष फिकट, कप्प्यांची रेष ठळक, दोन्ही एकाच चार्टवर. आणि खाली एक ओळ, जी त्या सोमवारनंतरच्या प्रत्येक चार्टखाली आहे: "ट्रेनिंग लॉस, दोन्ही रन दर २५ स्टेपला लॉग, ट्रेनरची सरासरी, ५०० स्टेपचे कप्पे, आणखी स्मूदिंग नाही, ३ सीड, पट्टा किमान ते कमाल."

केशरी आणि निळ्याचं काय झालं? तीन सीडपैकी दोनांत केशरी जरा पुढे, एकात निळी. जुना लर्निंग रेटच ठेवला. सीनियरांनी चार्ट बघितला, खालची ओळ वाचली, आणि पुढच्या स्लाइडवर गेले.